वाट विचारणारे मामा

मामांना सांगली-साताऱ्याकडच्या पन्नासेक गावांच्या वाटा पाठ होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक गावांत त्यांनी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. एसटीतून कुठल्या फाट्यावर उतरायचं, ओढा कुठून ओलांडायचा, कुणाचं कुत्रं अंगावर येतं, कुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ आहे, हे सगळं त्यांना आजारी माणसांनी सांगितलेलं होतं. सांगताना त्या माणसांचं डोकं मामांच्या दोन हातांत असायचं.

सांगलीच्या एका इस्पितळात ते एक्स-रे खात्यात मदतनीस होते. त्याआधी फौजेत, तिथल्या दवाखान्यात. गाव साताऱ्याजवळचं. सगळं इस्पितळ त्यांना मामा म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन पावसाळे झाले होते तेव्हा मी तिथे कामाला लागले. साताऱ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, बी.एस्सी. झालेली आणि कुणाशी बोलायचं म्हटलं की शब्द मनातच जुळवत राहणारी. पहिल्या आठवड्यात मामांनी मला विचारलं, "ताई, तुमी मराठीत बोलत न्हाई का इंग्रजीत?"

"दोन्हींत," मी म्हटलं.

"मग हरकत न्हाई. मला वाटलं, आमच्यापुरतंच हाय."

माझं काम डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली होतं. ते विलायतेत शिकून आले होते आणि त्यांना एकाच गोष्टीचा ध्यास होता. म्हातारपणी माणूस विसरायला लागतो तेव्हा त्याच्या मेंदूत काय होतं, हे त्यांना जिवंत माणसात पाहायचं होतं. साध्या एक्स-रेत मेंदू दिसत नाही, फक्त कवटी दिसते. म्हणून हवेचा फोटो काढायचा. रोग्याला खुर्चीत बसवून पाठीच्या कण्यात सुई घालायची, आतलं थोडं पाणी काढायचं आणि तितकीच हवा सोडायची. हवा वर चढत मेंदूतल्या पोकळ्यांत जाऊन बसते आणि फिल्मवर काळी उमटते. मेंदू जितका आकसलेला, तितकं काळं मोठं. मेंदूत गाठ असेल किंवा पाणी साठलं असेल तर तेही कळतं, आणि त्यावर इलाज होऊ शकतो. साहेबांनी काही लोकांना असं खरोखर बरं केलेलं मी पाहिलं आहे. पण हवा चढली की डोकं असं दुखतं की धडधाकट पुरुष रडतात. ते दुखणं तीन-तीन दिवस राहतं.

म्हणून साहेबांनी एक रेघ आखली होती. आधी मी म्हाताऱ्या माणसांना कागदावरचे प्रश्न विचारायचे आणि वीसपैकी गुण द्यायचे. दहा किंवा जास्त गुण मिळाले की माणूस घरी. दहाच्या खाली गेला की हवेचा फोटो.

फोटोच्या वेळी डोकं पुढे झुकवून स्थिर ठेवावं लागे. जरा हललं की फिल्म वाया आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. आमच्या खुर्चीला डोकं बांधायची सोय होती, पण पट्टा लावला की म्हातारी माणसं घाबरून जास्तच हलत. मामांनी तो पट्टा कधीच खुंटीला टांगून ठेवला होता. ते समोर स्टुलावर बसायचे, रोग्याच्या दोन्ही कानांवर आपले तळवे ठेवायचे आणि म्हणायचे, "हलायचं न्हाई. वाट सांगायची. समजा, मी तुमच्या घराला निघालोय. हितनं एसटीत बसलो. फुडं?"

माणूस कण्हत, थांबत वाट सांगू लागायचा. मामा मध्येच अडवायचे. "थांबा, देऊळ डाव्या अंगाला का उजव्या?" फिल्म काढायच्या वेळी साहेब हात वर करत, तेवढ्यापुरती वाट थांबायची. मग मामा म्हणायचे, "हां, देवळापाशी थांबलोय मी. उनात उभं करू नका, चला." मी दाराशी वेळ टिपत उभी असायचे. माझ्या कागदावर नापास झालेल्या माणसांनी मामांना एकेक बांध, एकेक झाड नावानिशी सांगितलेलं मी ऐकलं आहे.

"तुमच्या कागदाचं मला कळत न्हाई," एकदा मामा म्हणाले. "पर ज्याला घरची वाट सांगता येती, त्याचं अजून लय काय शिल्लक हाय."

प्रत्येक फिल्मच्या दोन्ही कडांना मामांच्या बोटांची हाडं उमटायची. मध्ये म्हातारं डोकं, त्यात हवेचं काळं फुलपाखरू, आणि दोन्हीकडून आत आलेली चार-चार बोटं. साहेब आधी चिडायचे. "मामा, शिशाचे हातमोजे कशाला दिलेत तुम्हाला? ही किरणं चांगली नाहीत." मामा मान डोलवायचे आणि हातमोजे कपाटावरच राहायचे. मी एकदा धीर करून तेच म्हटलं, तर त्यांनी एक हातमोजा माझ्या हातात घातला. लोखंडाच्या पत्र्यासारखा होता. "आता धरा माझं डोकं," ते म्हणाले. मी धरलं. माझ्या हाताला काहीच लागत नव्हतं. "मलाबी काय लागंना," मामा म्हणाले. "मानसाला हात कळतो, ताई. ह्ये कळत न्हाई."

हौसाबाई आल्या त्या आषाढात. शिराळ्याच्या पुढच्या एका वाडीच्या, साठीच्या, काटक. नवरा वर्षापूर्वी गेलेला. धाकटा मुलगा फौजेत होता, सुट्टीवर आला होता, तोच त्यांना घेऊन आला. "आईचं डोकं चालंना झालंय," तो म्हणाला. "रोज तीन भाकरी जादा करती. कुनासाठी म्हटलं तर बोलत न्हाई. चुलीमागं ठेवती आन् संध्याकाळी गायीला घालती." घरची माहिती नातेवाइकांनी लिहून द्यायची असे. त्याने उभ्या उभ्या ठसठशीत अक्षरात लिहून दिली. आईची मुलं : चार.

हौसाबाईंनी वार सांगितला. तारखेऐवजी तिथी सांगितली. तिथीला गुण द्यायचे, हे साहेबांनी आधीच ठरवलेलं होतं. विलायतेत शिकूनही साहेब तितके आपले होते. वस्तू आठवून सांगायच्या होत्या, त्यांत काही विसरल्या. उलटे आकडे म्हणताना अडखळल्या. मग मी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"तीन," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची पद्धत होती. पुन्हा "तीन". सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, खिडकीबाहेर पाहिलं. दोन्ही दिवशी. ते मला दिसलं होतं. कोणती तीन, एवढंच विचारायला हवं होतं. पण कुणाच्या घरातलं खोदून विचारायचं म्हणजे मला स्वतःचंच दार उघडं पडल्यासारखं वाटे. मी कागदाकडे पाहिलं, मुलाने लिहिलेल्या 'चार'कडे पाहिलं आणि शून्य मांडलं. त्या प्रश्नाला दोन गुण होते. हौसाबाईंची बेरीज नऊ झाली.

शुक्रवारी त्यांना खुर्चीत बसवलं. साहेब पाठीमागे, मामा समोर, मी दाराशी. पहिली सिरिंज गेली, हवा चढली आणि हौसाबाईंच्या तोंडून बारीक आवाज आला. मामांनी तळवे घट्ट केले.

"हलायचं न्हाई आज्जी. मी शिराळ्याच्या स्टँडवर उतरलोय. आता कुनीकडं?"

"कुंभारवाड्याकडनं ये," त्या म्हणाल्या. शब्द एकेक करून येत होते. "पंचमीच्या नागाची मडकी... मांडलेली असत्यात. तितनं खाली ओढा."

"ओढ्याला पानी?"

"आता असंल. दगडावरनं ये. म्होरं जांभळ हाय. ईज पडल्याली. निम्मी जळल्याली, निम्मी हिरवी."

साहेबांनी हात वर केला. फिल्म निघाली. दुसरी सिरिंज भरताना ते हलक्या आवाजात आकडे मोजत होते. त्यांचं लक्ष सुईच्या टोकाशी होतं.

"जांभळीखाली बसलोय मी," मामा म्हणाले. "फुडं सांगा."

"बसू नगं तितं. तितं तीन दगडं हाईत. माझी हाईत."

मामांनी तळवे तसेच ठेवले. "तिगं व्हय?"

"तिगं. दोन ल्योक, येक ल्येक. देवीच्या साथीनं न्हेली."

"आन् हातातली किती?"

"ती कशाला मोजू, बाबा?" हौसाबाई म्हणाल्या. एवढ्या दुखण्यात त्यांचा आवाज चिडका झाला. "जित्याला मोजत्यात व्हय कवा? दिष्ट लागती. जी गेली त्यांलाच मोजायचं."

"व्हय, चुकलंच माजं," मामा म्हणाले.

मी हे सगळं ऐकलं. ते त्या खोलीत फक्त मला कळलं, कारण गुणांचा कागद माझ्या हातात होता. तीन हे बरोबर उत्तर होतं. नवाचे अकरा होत होते. त्या बाईंना त्या खुर्चीत बसवायचं काही कारण नव्हतं, आणि अजून चार सिरिंज हवा जायची होती. "साहेब, थांबा" हे दोनच शब्द होते. मी ते जुळवलेही. पेन्सिल कागदावर टेकवली आणि वेळ लिहिली. तिसरी गेली. चौथी गेली. मामांनी एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर त्यांना काहीतरी दिसलं असणार. पण त्यांचे हात गुंतलेले होते.

हौसाबाई तीन दिवस वॉर्डात उताण्या पडून होत्या. पाण्याचा घोटही पोटात टिकत नव्हता. मामा जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या उशाशी जाऊन नुसतं डोकं धरून बसायचे. तिसऱ्या दिवशी मी तिथे गेले आणि त्या झोपल्या आहेत असं पाहून मामांना सगळं सांगितलं. त्यांनी हात काढले नाहीत.

"मग तवा का न्हाई बोलला?"

मी हौसाबाईंच्या पांघरुणाचं टोक नीट केलं.

"सायबांला सांगा. मी न्हाई सांगनार. कागूद तुमच्या हातचा हाय."

मी साहेबांकडे गेले. दाराबाहेर उभी राहून वाक्य तयार केलं, पण आत गेल्यावर दुसरंच बोलले. म्हटलं, मुलांचा प्रश्न नीट नाही, तो 'मुलं झाली किती, त्यांतली गेली किती' असा विचारावा. साहेबांनी चष्मा काढला. "फार चांगलं सुचलं तुम्हाला," ते म्हणाले. "मी शोधत होतो अशी निरीक्षण करणारी माणसं." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझं कामासाठी कौतुक केलं होतं. त्यानंतर खरं सांगणं आणखी अवघड झालं.

हौसाबाई घरी गेल्या. गाठ निघाली नाही, पाणी निघालं नाही. पण त्यांच्या फिल्मवरचं काळं मोठं होतं, आमच्याकडच्या सगळ्या फिल्म्समध्ये ते सगळ्यांत रेखीव होतं. पुढे साहेबांचा लेख विलायतेच्या मासिकात छापून आला तेव्हा तीच फिल्म निवडली गेली. खाली ओळ होती : या स्त्रीला आपल्या मुलांची संख्याही आठवत नव्हती. ती ओळ टाईप मीच केली. चित्र खरं होतं. वयाने मेंदू आकसला होता आणि तरी बाईंचं सगळं जागेवर होतं. साहेब ज्याच्या शोधात होते ते कदाचित तिथेच होतं, आणि माझ्या शून्याखाली झाकलं गेलं होतं. छापलेल्या फोटोच्या कडांना मामांची बोटं तशीच होती.

मामांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पण त्यांची एक सवय सुरू झाली. नवीन माणूस आला की ते माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहायचे. "इचारलं समदं?" मी हो म्हणायचे. "आन् इचारल्यावर थांबला का वाईच?" मी थांबायला शिकले. पुढच्या दोन वर्षांत माझ्या हातून कुणी उगाच त्या खुर्चीत बसलं नाही, असं मला वाटतं. खात्रीने सांगता येत नाही.

मामांच्या हातांना मी आधी नीट पाहिलंच नव्हतं. कातडी सुकत गेली, नखांवर उभ्या चिरा पडल्या. उजव्या हाताच्या बोटावर एक जखम झाली ती भरेना. मामा तिच्यावर हळद लावायचे. "सांगलीत ऱ्हाऊन हळदीला काय तोटा?" म्हणायचे आणि हात खिशात घालायचे. साहेबांनी एके दिवशी तो खिशातला हात ओढून काढला, बघितला, आणि कितीतरी वेळ धरून ठेवला. किती वर्षं ही किरणं त्या हातांवरून गेली होती, फौजेतली धरून, याचा हिशोब कुणीच ठेवला नव्हता. आधी एक बोट काढलं, मग दुसरं. मग मामा गावी गेले. निरोपाच्या चहाला ते म्हणाले, "आठ ऱ्हायली. वाट दाखवायला एक पुरतं." सगळे हसले. साहेब हसले नाहीत. पावसाळ्याआधी तेही पुन्हा विलायतेला गेले.

तिथून त्यांनी मला एक छापील चित्र पाठवलं. नवीन यंत्र आलं आहे, त्यांनी लिहिलं होतं. सुई नाही, हवा नाही, दुखणं नाही. माणूस नुसता पडून राहतो आणि मेंदू चकत्या कापल्यासारखा थर-थर दिसतो. ते चित्र घेऊन मी मामांच्या गावी गेले. मामा अंगणात बसले होते, अशक्त दिसत होते. त्यांनी चित्र उन्हात धरलं, उलटसुलट केलं.

"दुखत न्हाई म्हनता?"

"अजिबात नाही."

"लय ब्येस झालं." मग चित्राच्या कडांवरून त्यांनी अंगठा फिरवला. "ह्यात बोटं न्हाईत कुनाची."

"डोकं पट्ट्याने धरतात, मामा. कुणी हात लावत नाही."

"मग वाट कोन इचारतं?"

त्यांनी चित्र परत दिलं आणि अचानक विचारलं, "सायबांला सांगितलं का त्या आज्जीचं?"

"नाही."

"बरं. मग आज्जीला तरी सांगा. लिवून घ्या." आणि डोळे मिटून ते सांगू लागले. शिराळ्याचा स्टँड. कुंभारवाडा, नागाची मडकी. खाली ओढा, दगडावरनं. वीज पडलेली जांभळ, निम्मी जळालेली, निम्मी हिरवी. "तितं बसायचं न्हाई," ते म्हणाले. "मी कवा गेलो न्हाई तिकडं. वाट बरोबर हाय का बगून कळवा मला."

पुढच्या रविवारी मी गेले. शिराळ्याला उतरले. कुंभाराच्या अंगणात मडकी वाळत होती. ओढ्यात टाकलेले दगड पाय ठेवण्यापुरते वर होते. मी चालत होते आणि एका बाईने पाठीत सुई असताना सांगितलेलं एकेक समोर येत होतं, काही चुकलेलं नव्हतं. जांभळीची एक बाजू कोळशासारखी काळी होती, दुसरीला पालवी होती. खाली दगड होते. तीन जुने, शेवाळलेले. चौथा नवा होता.

मला वाटलं, मी उशीर केला. हौसाबाईच गेल्या.

पण वाडीतल्या पहिल्याच घराच्या ओट्यावर त्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी डोळे बारीक केले. "सांगलीची बाई न्हवं तू? कागदवाली?"

मी मान हलवली. वाटेत घोकलेलं सगळं वाक्य तोंडाशी आलं होतं. ते मी या वेळी बोलले. सगळं, न थांबता. तुमचं उत्तर बरोबर होतं. मी चुकीचं धरलं. मला तेव्हाच कळलं होतं आणि मी गप्प बसले. बोलून झाल्यावर मी त्यांच्या हातांकडे पाहत राहिले.

त्यांनी दोन शेंगा फोडल्या. दाणे माझ्या पुढ्यात ठेवले.

"त्या मामाचं हात लय ऊन हुतं," त्या म्हणाल्या. "बरा हाय का त्यो?"

"आजारी आहेत."

"आन् तुला त्येच इचारायचं हाय का अजून? मुलं किती?"

"नाही," मी म्हटलं.

तरीही त्यांनी सांगितलं. खिडकी नव्हती, म्हणून ओढ्याकडे पाहिलं. "चार झाली आता. धाकटा तिकडं बर्फात गेला. तिकडंच जाळला त्येला. दगड हितं मी ठेवला."

त्याचं ठसठशीत अक्षर मला डोळ्यांपुढे दिसलं. आईची मुलं : चार. कागदावर आता त्यांना पूर्ण गुण मिळाले असते.

परत येताना शिराळ्याच्या स्टँडवर बसून मी दोन पत्रं लिहिली. साहेबांना लांबलचक, सगळं. मामांना कार्ड, एवढंच : वाट बरोबर आहे, जांभळीखालचे दगड मात्र चार झाले आहेत. आज्जींना सांगितलं. त्यांनी तुमची विचारपूस केली.

साहेबांचं उत्तर महिन्याने आलं. त्यांनी मासिकाला दुरुस्ती पाठवली होती, आणि खाली लिहिलं होतं की ती फिल्म ते आता पुन्हा, वेगळ्या नजरेने पाहत आहेत. मामांचं उत्तर आलं नाही. बोटांत लेखणी धरवत नसेल, असं मी बरेच दिवस समजत राहिले.